बाळ मोठं होईपर्यंत स्कॅन थांबवायचा का?

पत्र: आमची मुलगी साडेतीन आठवड्यांची आहे. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना तिच्या छातीत मर्मर (रक्त वाहताना येणारा जादा आवाज) ऐकू आला म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. फुप्फुसांकडे जाणाऱ्या दोन्ही धमन्या अरुंद आहेत आणि महाधमनीची कमान लांब, वळणावळणाची आहे, असं त्यात आलं. दोन्ही जांघांत हर्निया आहे, त्वचा फार मऊ आणि सैल आहे. धमन्या वेड्यावाकड्या वाढण्याचा एखादा दुर्मीळ आनुवंशिक आजार असावा, असा संशय आहे. जनुकांची तपासणी पाठवली आहे, रिपोर्टला काही आठवडे लागतील. हृदयतज्ज्ञ म्हणतात, डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या धमन्यांचा एमआरआय आताच करा. दुसरे डॉक्टर म्हणाले, सीटी करा, लगेच उरकेल. हर्नियाचं ऑपरेशनही लवकर करायचं आहे. घरातली मोठी माणसं म्हणतात, एवढ्याशा जिवाला यंत्रात घालू नका, मोठी होऊ दे. बाळाच्या बाबांनी सीटीमुळे कॅन्सर होतो असं वाचलं आहे. इको झालाच आहे, मग अजून काय बघायचं? भूल द्यावी लागेल का? आम्हाला चार वर्षांचा मुलगाही आहे, त्याचं काय? आणि हे माझ्यामुळे झालं का?
– एक आई

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिल्यांदा घेते, कारण तो मनात टोचत असताना बाकीचं काही डोक्यात शिरणार नाही. हे तुमच्यामुळे झालेलं नाही. डॉक्टरांना ज्याचा संशय आहे तो आर्टेरियल टॉर्चुओसिटी सिंड्रोम एसएलसी२ए१० या जनुकातल्या बिघाडामुळे होतो, हे २००६ साली कळलं. या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्यातली एक बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागतं आणि त्या माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दोन्ही बिघडलेल्या प्रती एकाच बाळाकडे आल्या तरच आजार उमटतो. म्हणजे तो असलाच, तर तुम्हा दोघांकडून अगदी सारख्या वाट्याने आणि तुम्हा दोघांच्याही नकळत आलेला आहे. गरोदरपणात काय खाल्लं, किती विश्रांती घेतली, कुठे प्रवास केला, यातल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत हे कसं दिसलं नाही, असंही घरात कुणी विचारलं असेल. पोटातल्या बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो, त्यामुळे त्याच्या फुप्फुसांतून फार थोडं रक्त फिरतं. तिकडच्या धमन्या अरुंद असल्या तरी त्या वेळी त्याची खूण सहसा दिसत नाही. जन्मानंतर फुप्फुसं उघडतात, रक्ताचा ओघ तिकडे वळतो, आणि मग मर्मर ऐकू येतो. तुमच्या डॉक्टरांनी तो दुसऱ्याच दिवशी पकडला, ही चांगली गोष्ट झाली.

आता मुख्य प्रश्न. लहान मुलांचे स्कॅन वाचणं हे माझं काम आहे. तुमच्या मुलीचे स्कॅन मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तिच्या डॉक्टरांच्या जागी बसून निर्णय देण्याचा मला अधिकार नाही. पण पत्रात जेवढं लिहिलं आहे त्यावरून माझं मत स्पष्ट आहे. मोठी होईपर्यंत थांबू नका.

घरातल्या मोठ्या माणसांच्या बोलण्यामागे माया आहे, आणि एरवी मी त्यांच्याच बाजूने उभी राहिले असते. जी तपासणी पुढे ढकलता येते ती तान्ह्या बाळाची करू नये, हे मीही सांगते. इथे मात्र वय उलट्या दिशेने काम करतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला पोटभर पाजलं आणि दुपट्यात घट्ट गुंडाळलं, की ते पाऊण तास, कधी तासभरही गाढ झोपतं. तेवढ्या वेळात भूल न देता एमआरआय होऊ शकतो. आठ-दहा महिन्यांच्या बाळाला असं झोपवणं फार अवघड, आणि दोन वर्षांच्या मुलीला त्या आवाजात निपचित पडून राहायला सांगणं जवळपास अशक्य. मग भूल द्यावीच लागते, ती पार शाळेच्या वयापर्यंत. थांबल्याने यंत्र टळणार नाही. आज जी तपासणी साध्या झोपेत होऊ शकते, ती उद्या भुलेखाली करावी लागेल.

दुसरं कारण हर्नियाचं ऑपरेशन. जांघेतला हर्निया तान्ह्या बाळात फार दिवस ठेवत नाहीत, कारण त्यात आतडं अडकण्याची भीती असते. ऑपरेशन तसं छोटं आहे. पण फुप्फुसांकडे जाणाऱ्या दोन्ही धमन्या अरुंद असल्या, की हृदयाच्या उजव्या कप्प्याला जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागतं. भुलेत रक्तदाब थोडा जरी खाली गेला, तरी ताणाखाली काम करणाऱ्या त्या कप्प्याला स्वतःलाच रक्त कमी पडू शकतं. शिवाय वाकडीतिकडी वाढलेली महाधमनी किंवा तिची एखादी फांदी श्वासनलिकेला दाबत असेल, तर श्वासासाठी नळी घालताना ते आधीच माहीत असलं पाहिजे. म्हणून हे चित्र भूलतज्ज्ञांच्या हातात ऑपरेशनच्या आधी असायला हवं, नंतर नाही.

लहान बाळाच्या कुठल्याही स्कॅनबद्दल मी पालकांना एकच प्रश्न विचारायला सांगते: याचं उत्तर अमुक आलं तर तुम्ही वेगळं काय करणार? डॉक्टरांकडे याला ठोस उत्तर नसेल, तर स्कॅन थांबू शकतो. तुमच्या बाबतीत ठोस उत्तरं आहेत. ऑपरेशन कुठे करायचं, कोणत्या प्रकारची भूल द्यायची, अरुंद धमनी फुग्याने रुंद करण्याचा विचार करावा लागेल का, रक्तदाबाचं औषध लागेल का, हे सगळं त्या चित्रावर ठरणार आहे.

इको झाला असताना आणखी काय बघायचं, हा प्रश्न अगदी योग्य आहे. इको हृदयासाठी उत्तम. महाधमनीचं मूळ, तिची कमान, फुप्फुसधमनीचा बुंधा आणि दोन मुख्य फांद्यांची सुरुवात त्यात छान दिसते, रक्ताचा वेग मोजून आतला दाबही अंदाजता येतो. पण अल्ट्रासाउंड लहरी हवेतून पुढे जात नाहीत, आणि फुप्फुसं हवेने भरलेली. त्यामुळे फांद्यांच्या पुढच्या उपफांद्या इकोत दिसेनाशा होतात. मान, मेंदू, मूत्रपिंडं इकोच्या टप्प्यात येतच नाहीत. या आजारात तर हीच ठिकाणं महत्त्वाची. उसवलेल्या स्वेटरची लोकर जशी सरळ राहत नाही, वळत जाते, तशा या बाळांच्या मोठ्या आणि मध्यम धमन्या गरजेपेक्षा लांब वाढतात आणि जागा नसल्याने वळणं घेतात. अशी धमनी इकोच्या एका प्रतलात मावत नाही. एक तुकडा दिसतो, पुढचं वळण निसटतं. मूत्रपिंडाच्या धमनीत वळण किंवा अरुंदपणा असेल तर रक्तदाब चढतो, आणि तान्ह्या बाळाचा रक्तदाब कुणी मुद्दाम मोजल्याशिवाय तो कळत नाही. चारही हातापायांचा रक्तदाब घेतला आहे का, हे नक्की विचारा.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. फुप्फुसधमनीच्या फांद्या थोड्या अरुंद असणं पुष्कळ निरोगी नवजात बाळांत दिसतं आणि सहा महिन्यांपर्यंत आपोआप जातं. इकोत तेवढंच आलं असतं, तर मी कोणतंही स्कॅन सुचवलं नसतं. तुमच्या मुलीत वळणावळणाची कमान, दोन्हीकडचे हर्निया आणि सैल त्वचा या तिन्ही गोष्टी जोडीला आहेत. कोलॅजन आणि इलॅस्टिन या प्रथिनांच्या ज्या जाळ्यावर धमनीची भिंत उभी असते, तेच जाळं त्वचेत आणि पोटाच्या भिंतीतही असतं. म्हणून डॉक्टरांनी ही सगळी लक्षणं एकत्र बघितली, ते बरोबरच केलं.

मग एमआरआय की सीटी? दोघांचं बळ वेगळं आहे आणि दोघांची किंमतही वेगळी.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग अजिबात नाही. मेंदू आणि मानेच्या धमन्यांसाठी टाइम ऑफ फ्लाइट नावाची पद्धत वापरतात. त्यात डायचं, म्हणजे धमन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायच्या द्रवाचं इंजेक्शन लागत नाही, वाहतं रक्तच उजळ दिसतं. पण या आजारात तिची एक खोट लक्षात ठेवावी लागते. धमनी आडवी वळली किंवा वळणावर रक्त घुसळलं, की तिथला उजेड कमी होतो आणि नसलेला अरुंदपणा असल्यासारखा भासतो. वाकड्या धमन्यांचे रिपोर्ट वाचताना हे ध्यानात ठेवणारा माणूस हवा. रिपोर्टमध्ये मेंदूतल्या एखाद्या धमनीत अरुंदपणा लिहून आला, तर घाबरण्याआधी एवढंच विचारा, की तो दुसऱ्या पद्धतीच्या चित्रातही दिसतो का.

छाती आणि पोटाच्या धमन्यांसाठीही डायशिवाय बऱ्यापैकी चित्रं मिळतात. फक्त नवजात बाळाचं हृदय मिनिटाला १२० ते १६० वेळा धडधडतं आणि श्वासही जलद असतो, त्यामुळे बारीक फांद्या पुसट येतात. स्पष्ट चित्रासाठी गॅडोलिनियम हा धातू असलेला डाय द्यावा लागू शकतो. जन्मतः मूत्रपिंडं पुरती तयार झालेली नसतात आणि हा डाय मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडतो, म्हणून तो गरज असेल तरच द्यावा. द्यायचा झाल्यास मॅक्रोसायक्लिक प्रकारचा असावा. त्याच्या रेणूत गॅडोलिनियम पक्कं बांधलेलं असतं, सुटं होत नाही. जुन्या, लिनियर प्रकारच्या बहुतेक डायचा वापर युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१७ साली थांबवला किंवा मर्यादित केला. डाय कुठल्या प्रकारचा आहे, हे विचारायला संकोचू नका.

सीटीचा वेग ही त्याची मोठी ताकद. नव्या यंत्रात तान्ह्या बाळाची छाती एक-दोन सेकंदांत, कधी त्याहूनही कमी वेळात टिपून होते, त्यामुळे इथेही सहसा भुलेची गरज पडत नाही. फुप्फुसातल्या बारीक फांद्या आणि श्वासनलिका सीटीइतकी स्वच्छ दुसऱ्या कशात दिसत नाही. बदल्यात किरणोत्सर्ग घ्यावा लागतो.

बाळाच्या बाबांनी वाचलं ते खोटं नाही, फक्त त्याचं प्रमाण कळलं पाहिजे. युरोपातल्या ९ देशांमधल्या जवळपास साडेनऊ लाख मुलांचा आणि तरुणांचा एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. लहानपणी सीटी झालेल्या १०,००० मुलांमागे पुढच्या १२ वर्षांत त्या किरणांमुळे रक्ताचा कॅन्सर होणारी मुलं १ ते २, असा त्याचा निष्कर्ष होता. तो हिशोब हाडांतल्या मज्जेला सरासरी ८ मिलिग्रे (एखाद्या अवयवाने शोषलेल्या किरणांचं माप) डोस बसला असं धरून केलेला आहे. लहान मुलांसाठी सेटिंग बदललं, म्हणजे व्होल्टेज ७० किंवा ८० किलोव्होल्टवर आणलं आणि हवा तेवढाच भाग टिपला, तर तान्ह्या बाळाच्या छातीचा सीटी १ मिलिसिव्हर्टच्या (किरणांचा पूर्ण शरीरावरचा परिणाम मोजायचं माप) आत बसवता येतो. जगात कुठेही राहणाऱ्या माणसाला माती, खडक, हवा आणि आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. धोका शून्य नाही, म्हणून उगाच सीटी करू नये. पण ज्या सीटीवाचून ऑपरेशन आंधळेपणाने करावं लागेल, तो नाकारणं मला जास्त धोक्याचं वाटतं. तुम्ही विचारायचं ते असं: यंत्रात नवजात बाळासाठी वेगळं सेटिंग आहे का, आणि एकाच फेरीत काम होईल का? डायच्या आधी एकदा आणि नंतर पुन्हा, अशा दोन-तीन फेऱ्या मोठ्या माणसांत करतात. बाळाच्या धमन्या बघायला साधारणपणे एक फेरी पुरते.

सीटीच्या डायमध्ये आयोडीन असतं. त्याने तान्ह्या बाळाची थायरॉईड ग्रंथी काही दिवस मंदावू शकते, आणि या वयात थायरॉईडचा संबंध थेट मेंदूच्या वाढीशी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ साली सांगितलं, की तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना असा डाय दिल्यावर ३ आठवड्यांच्या आत थायरॉईडची तपासणी करावी. स्कॅन झाला, घरी गेलो, की ही गोष्ट हमखास राहून जाते. सीटी झालाच, तर डिस्चार्जच्या कागदावर ही तारीख लिहून घ्या.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. मुलीचा श्वास शांत असेल, दूध नीट पीत असेल, तर आधी गुंडाळून झोपवून डोक्यापासून ओटीपोटापर्यंतचा एमआरआय. त्यात फुप्फुसाच्या फांद्या नीट आल्या नाहीत, किंवा श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर फक्त छातीचा कमी डोसचा सीटी. संपूर्ण शरीराचा सीटी मी पहिल्या झटक्यात मागणार नाही. पण तुमच्या रुग्णालयात नवजात बाळांचे एमआरआय नेहमी होत नसतील आणि सीटीचा हात चांगला बसलेला असेल, तर अर्धामुर्धा, हललेला एमआरआय करण्यापेक्षा नीट आखलेला सीटी मला परवडेल. पूर्ण चित्र एकदा, लवकर आणि स्वच्छ मिळणं महत्त्वाचं, कारण पुढची कित्येक वर्षं त्याच्याशीच तुलना होणार आहे.

भूल न देता एमआरआय होतो तो असा. बाळाला तपासणीच्या वेळेपर्यंत थोडं भुकेलं आणि जागं ठेवतात. डायसाठी हातात सुई लागणार असेल तर ती बऱ्याच आधी लावतात, म्हणजे झोपेत टोचावं लागत नाही. मग तुम्ही पोटभर पाजायचं, ढेकर काढायचा. कानात बोळे, वरून कानांवर आवरण, गरम दुपटं, आणि त्याभोवती हवा काढून घट्ट होणारी गादी. नाडी आणि प्राणवायू सतत मोजत राहतात. अंगावर धातूची बटणं किंवा पिन असलेलं काही नको. बाळ मध्येच जागं झालं तर थांबून पुन्हा झोपवतात. एकदा जमलं नाही म्हणजे लगेच भूल, असं नसतं. एका गोष्टीची मात्र खात्री करून घ्या. भुलेसाठी आईचं दूध तीन-चार तास आधी थांबवावं लागतं, आणि या पद्धतीत तर ऐन वेळी पाजायचं असतं. सूचना एकमेकींच्या उलट आहेत, तेव्हा कोणती पद्धत ठरली आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मात्र भूल लागेल. तिच्या भीतीवर एक आधाराची गोष्ट सांगते. जांघेतल्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या सातशेहून जास्त तान्ह्या बाळांवर अनेक देशांत मिळून एक चाचणी झाली. काहींना पूर्ण भूल दिली, काहींना जागेपणी फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. पाच वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांतल्या मुलांची बौद्धिक वाढ सारखीच होती. हा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्या भुलेचा वेळ सरासरी तासाभरापेक्षा कमी होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली इशारा दिला आहे तो तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा ३ तासांपेक्षा जास्त वेळ दिलेल्या भुलेबद्दल. कमरेत सुई देऊन बधिर करण्याचा मार्ग तुमच्या मुलीला चालेल का, हे भूलतज्ज्ञ स्कॅन बघूनच सांगतील. एमआरआयसाठी भूल टाळता आली नाही, तर तो आणि ऑपरेशन एकाच भुलेत बसतं का, हे विचारून बघा. पण तसं केलं तर चित्र ऑपरेशनच्या आधी वाचायला वेळ मिळाला पाहिजे, नाहीतर काही उपयोग नाही.

जांघेतून नळी घालून करायची अँजिओग्राफी कुणी सुचवली तर ती केवळ चित्रासाठी नको. या वयात जांघेतली धमनी काडीएवढी असते, तिच्यात गुठळी होऊ शकते, आणि या बाळांच्या धमन्यांच्या भिंती आधीच नाजूक. उपचार करायचे असतील, उजव्या बाजूचा दाब थेट मोजायचा असेल, तर गोष्ट वेगळी.

जनुकांच्या रिपोर्टसाठी स्कॅन अडवून ठेवू नका. उलट स्कॅनमुळे तो रिपोर्ट वाचायला मदत होते. कित्येकदा जनुकात असा बदल सापडतो, ज्याचा अर्थ निश्चित लागत नाही. तेव्हा धमन्यांचं चित्र निकाल कुठल्या बाजूला झुकवायचा ते ठरवतं. वळणावळणाच्या धमन्या इतर आजारांतही दिसतात. लोइस-डीट्झ सिंड्रोम हा असाच एक आनुवंशिक आजार २००५ साली वेगळा ओळखला गेला. त्यात महाधमनी फुगण्याचा धोका बराच जास्त असतो आणि औषधं व देखरेख दोन्ही कडक ठेवावी लागतात. क्युटिस लॅक्सा, म्हणजे सैल त्वचेच्या आजाराच्या काही प्रकारांत त्वचा आणि धमन्या दोन्ही बाधित होतात. मुलगा असता तर तांब्याच्या चयापचयातला मेन्केस आजार आधी तपासा म्हणून मी घाई केली असती, कारण त्याचा उपचार पहिल्या काही आठवड्यांतच सुरू व्हावा लागतो आणि तो जवळपास मुलग्यांनाच होतो.

रिपोर्ट हातात येईल तेव्हा फक्त छापील फिल्मवर समाधान मानू नका. डायकॉम स्वरूपातल्या (संगणकावर उघडणाऱ्या) मूळ प्रतिमा मागून घ्या आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. असा आजार पाहिलेले डॉक्टर मोजकेच, ते बहुधा दूर कुठेतरी असणार, आणि मूळ प्रतिमा असल्या तर मुलीला न हलवता त्यांचं मत घेता येतं. रिपोर्टमध्ये "धमन्या वाकड्या आहेत" एवढंच वाक्य पुरेसं नाही. महाधमनीच्या मुळाचं, चढत्या भागाचं आणि कमानीचं माप मिलिमीटरमध्ये हवं, उजव्या-डाव्या फुप्फुसधमनीचं वेगवेगळं हवं. सोबत झेड स्कोअर हवा. बाळाच्या अंगमानाच्या मानाने ते माप सरासरीपासून किती लांब आहे, ते त्यातून कळतं. दोनच्या वर गेलेला आकडा म्हणजे धमनी मोठी. मूत्रपिंडाच्या धमन्यांबद्दल आणि श्वासनलिकेबद्दल एकेक वाक्य स्वतंत्र हवं. मानेतल्या मणक्यांलगतच्या धमन्यांची वक्रता मोजायची एक साधी रीतही आहे. धमनीची वळणांसकट लांबी आणि टोकापासून टोकापर्यंतचं सरळ अंतर यांची तुलना करायची. धमनी सरळ अंतराच्या दीडपट लांब असेल, तर हा निर्देशांक ५० येतो. संयोजी ऊतींच्या, म्हणजे शरीराला आधार देणाऱ्या त्या जाळ्याच्या आजारांत हा आकडा जास्त असलेल्यांना महाधमनीचा त्रास लवकर होतो असं दिसलं आहे, म्हणून तो आता नोंदवून ठेवावा.

इंटरनेटवर तुम्हाला एक भयंकर आकडा भेटेल. या आजाराची ४० टक्के मुलं चार वर्षांच्या आत दगावतात, असा. तो सुरुवातीच्या, अत्यंत गंभीर रुग्णांच्या नोंदींवरून आलेला आहे. जनुक सापडल्यावर सौम्य रुग्णही ओळखू येऊ लागले. २००८ साली १२ कुटुंबांचा आणि २०१८ साली ४० नव्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा चित्र पूर्वी वाटलं त्यापेक्षा बरंच आशादायक निघालं. पहिली काही वर्षं जपावी लागतात हे खरंच. म्हणून सुरुवातीला इको दर काही महिन्यांनी होत राहील. पूर्ण शरीराचं स्कॅन किती वर्षांनी पुन्हा करायचं, ते पहिल्या चित्रावर अवलंबून असेल. डोळ्यांच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवा, कारण काही जणांत बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन पुढे फुगतो.

तपासण्या होईपर्यंत घरी काही खुणांवर लक्ष ठेवा. पिताना घाम येणं किंवा धाप लागणं, ओठ निळसर होणं, आचके येणं, हातापायाची हालचाल एका बाजूला कमी होणं. जांघेतला फुगवटा कडक झाला, आत जाईना, आणि बाळ रडत उलट्या करू लागलं, तर तारखेची वाट न बघता तडक इमर्जन्सीत न्या आणि तिथल्या डॉक्टरांना हृदयाचा इको आधी दाखवा.

मुलाबद्दल. एसएलसी२ए१० चा आजार असेल, तर तुमच्या प्रत्येक अपत्याला तो असण्याची शक्यता २५ टक्के. चार वर्षांचा मुलगा हुंदडतो आहे, वाढ चांगली आहे, हे आश्वासक आहे. पण सौम्य आजार बाहेरून दिसत नाही. त्याला आत्ता कुठल्याही मोठ्या यंत्रात घालायची गरज नाही. एक इको, एकदा रक्तदाब आणि त्वचा, सांधे, हर्निया यांची तपासणी पुरे. मुलीच्या जनुकात नेमका बदल सापडला की त्याच्या रक्ताच्या एका नमुन्यावर उत्तर मिळेल. लोइस-डीट्झची शंका मात्र जनुकाचा रिपोर्ट येईपर्यंत उरते, आणि तो आजार एका पालकाकडून येऊ शकतो. तेव्हा तुम्ही दोघांनीही एकदा इको करून घ्या. मुलीच्या पुढच्या इकोची तारीख ठरेल, त्याच दिवशी तिघांचाही लावून घ्या.